किरणांची साक्ष : छायाचित्रात मागाहून घातलेला उजेड आणि तुमसरचा इतिहास

१/
तुमसरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या एका लहानशा रांगेवर आंबागडचा किल्ला उभा आहे. समाजमाध्यमांवर गडकिल्ल्यांची जी छायाचित्रे फिरतात, त्यांचा आता एक ठरीव साचा झाला आहे. केशरी आकाश, काळेभोर ढग आणि ढग फोडून बुरुजावर उतरलेले सोनेरी किरण. यांतले कित्येक किरण त्या दिवशी त्या बुरुजावर पडलेलेच नसतात. ते मागाहून संगणकावर किंवा मोबाइलवर घातलेले असतात. सजावट म्हणून हे निरुपद्रवी वाटते. परंतु तेच छायाचित्र इतिहास सांगण्यासाठी वापरले, की त्यातील उजेड साक्षीदाराच्या जागी येतो. ही साक्ष काय असते आणि ती बदलली की काय गमावले जाते, याविषयी हा धागा.

२/
आधी कृती समजून घेतली पाहिजे. १९९० च्या फेब्रुवारीत फोटोशॉप बाजारात आले. त्यात किरण काढण्याची रूढ रीत अशी : चित्रातला उजळ भाग वेगळ्या थरावर घ्यायचा, एका बिंदूपासून बाहेर ओढल्यासारखी अस्पष्टता त्याला द्यायची, तो थर मूळ चित्रावर अशा पद्धतीने मिसळायचा की फक्त उजळपणा वाढेल, मग कडा काळवंडायच्या आणि शेवटी उजेडात नारिंगी व सावलीत निळा रंग भरायचा. २०२० च्या ऑक्टोबरपासून संपूर्ण आकाश बदलण्याची सोयही फोटोशॉपमध्ये आली. मोबाइलवरच्या स्नॅपसीडमध्ये तर एका फिल्टरचे नावच ‘ड्रामा’ आहे. ते नाव प्रामाणिक म्हणावे लागेल.

३/
उजेडाशी खेळण्याची ही हौस संगणकाने जन्माला घातलेली नाही. फोटोशॉपमधील ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही दोन्ही नावे अंधाऱ्या खोलीतून आली आहेत. निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश पडत असताना तळहात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा मध्ये धरला, की तेवढा भाग फिका उमटतो. एखाद्या भागावर प्रकाश जास्त वेळ पडू दिला, की तो गडद होतो. छपाई करणारा प्रत्येक कसबी कारागीर हे करीत असे. या कामात उजेड बाहेरून येत नसे. निगेटिव्हवर जे उमटले होते, तेच कमीअधिक स्पष्ट होत असे. पुढच्या विवेचनासाठी हा भेद महत्त्वाचा आहे.

४/
या भेदाच्या पलीकडेही लोक फार लवकर गेले होते. एकोणिसाव्या शतकातील ओल्या कलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असत. त्यामुळे जमीन नीट उमटली की आकाश पांढरेफटक निघे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची आणि ढगांची निगेटिव्हे वेगवेगळी घेऊन ती एकाच कागदावर छापली. आकाश बदलण्याची युक्ती ती हीच. मात्र ल ग्रेचे समुद्र कलाकृती म्हणून पाहिले गेले. त्या किनाऱ्यावर अमुक दिवशी कोणते ढग होते, याचा दाखला म्हणून ते कोणी मागितले नाहीत.

५/
महाराष्ट्रातल्या लहान गावांतील स्टुडिओंनाही ही परंपरा नवी नव्हती. निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग करणे, कृष्णधवल चित्राला हाताने रंग देणे, समूहचित्रातून दिवंगत माणसाचा चेहरा काढून त्याला निळसर पार्श्वभूमी आणि डोक्यामागे मंद उजेड देणे, ही कामे पिढ्यान्‌पिढ्या झाली. आजचा करिझ्मा अल्बम हा त्याच घराण्यातला. देवाच्या प्रतिमेमागे प्रभावळ असते, हे सर्वांना ठाऊक असते. चौकातल्या फ्लेक्सवर नेत्यामागून सूर्य उगवला तर तो कोणी खरा मानत नाही. या उजेडाचा अर्थ आदर, मंगल, स्मरण असा असतो. पाहणारा तो अर्थ जाणतो, म्हणून तेथे फसवणूक होत नाही.

६/
फसवणूक सुरू होते ती हा उजेड ‘पाहा, हे असे आहे’ असे सांगणाऱ्या चित्रात शिरतो तेव्हा. ऐतिहासिक माहिती देणाऱ्या मजकुराशेजारचे छायाचित्र वाचक प्रभावळ म्हणून वाचत नाही; तो ते दाखला म्हणून वाचतो. आणि दाखल्यातला उजेड चार गोष्टी सांगत असतो : वेळ कोणती होती, ऋतू कोणता होता, चित्रातली दिशा कोणती आहे आणि हवा कशी होती. जुन्या छायाचित्रावर तारीख नसेल, तर अभ्यासक सावल्यांची लांबी आणि रोख मोजून ती वेळ व तो ऋतू ठरवण्याचा प्रयत्न करतात. खोटा किरण या चारही उत्तरांत एकाच वेळी ढवळाढवळ करतो.

७/
तुमसरचेच उदाहरण घेता येईल. हे गाव सुमारे २१.४ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याला, असा वर्षातून दोनदा मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाशी नाहीशी होते. उलट २२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो. काठीची सावली काठीएवढीच पडते. आणि सप्टेंबरच्या विषुवदिनापासून मार्चच्या विषुवदिनापर्यंत उत्तराभिमुख भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. हिवाळ्यातल्या चित्रात अशी भिंत सोनेरी उन्हात न्हालेली दिसली, तर तो उजेड तुमसरच्या आकाशातून आलेला नाही, एवढे निश्चित.

८/
खऱ्या किरणांची रचनाही वेगळी असते. सूर्य एवढा दूर आहे की त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. ते पंख्यासारखे पसरलेले दिसतात, ते केवळ दृष्टीच्या नियमामुळे. तुमसर रोड स्थानकाच्या फलाटावरून पाहताना लांबवर रूळ एकमेकांना भेटल्यासारखे दिसतात, तसे. संगणकावर काढलेले किरण मात्र बहुधा चित्रातल्याच एका बिंदूतून, बुरुजाच्या किंवा झाडाच्या मागून फुटतात. किरण डावीकडून येतात आणि माणसांच्या सावल्याही डावीकडेच पडतात, अशी विसंगती नीट पाहणाऱ्याला अनेक चित्रांत सापडेल. पुढील मुद्दा या तांत्रिक चुकीपेक्षा मोठा आहे.

९/
किरण स्वतः कधीच दिसत नाही. दिसते ती त्याच्या वाटेत आलेली धूळ, धूर किंवा बाष्प. स्वच्छ हवेतून जाणारा प्रकाश बाजूने पाहणाऱ्याला अदृश्य असतो. कणांवर आदळून तो डोळ्याकडे वळतो, तेव्हाच उन्हाची तिरीप तयार होते. म्हणून छायाचित्रातली प्रत्येक तिरीप हवेविषयीचे एक विधान असते : येथे कण होते, आणि इतके होते. जो चित्रात तिरीप काढतो, तो नकळत त्या जागी धूळ किंवा धुके ओततो. जो दृश्य ‘साफ’ करण्यासाठी तिरीप पुसतो, तो तेथली धूळ झाडून टाकतो.

१०/
तुमसरला खऱ्या तिरिपींची वाण नाही. हा धानाचा मुलूख. येथील तांदळाची बाजारपेठ जुनी आणि राइस मिलही पुष्कळ. मिलच्या पत्र्याला पडलेल्या भोकातून ऊन आत येते, तेव्हा हवेत उडणाऱ्या कोंड्यामुळे ते सळईसारखे उभे दिसते. ते दृश्य देखणे असते. त्याच हवेत हमाल आणि कामगार दिवसभर श्वास घेत असतात, हेही ते दृश्यच सांगते. चित्रातले सौंदर्य आणि त्यातली माहिती येथे एकाच कणातून आलेली असतात; एक ठेवून दुसरे काढता येत नाही.

११/
या परिसराचा दुसरा मोठा उद्योग मँगनीजचा. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी देशाच्या मँगनीज नकाशावर फार पूर्वीपासून आहेत. १८९६ साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून या पट्ट्यातील खाणकामाची कंपनी-परंपरा सुरू होते. पुढे तिची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली, १९६२ मध्ये सरकारच्या भागीदारीने मॉइल उभी राहिली आणि १९७७ मध्ये उरलेला विदेशी हिस्साही सरकारने घेतला. भूशास्त्रज्ञ लुई ली फर्मर यांनी १९०९ साली भारतातील मँगनीज साठ्यांवर जो विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात भंडारा जिल्ह्यातील साठ्यांचीही नोंद आहे.

१२/
मँगनीजची धूळ निरुपद्रवी नाही. ती दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होतो. चालणे अडखळते, बोलणे अस्पष्ट होते, चेहरा ताठरतो. १८३७ साली जेम्स कूपर या डॉक्टरांनी मँगनीजची भुकटी करणाऱ्या कामगारांत ही लक्षणे प्रथम नोंदवली. म्हणजे मध्य प्रांतात पहिली खाण सुरू होण्याच्या कित्येक दशके आधीपासून वैद्यकशास्त्राला हे ठाऊक होते. तेव्हा खाणीत हवा कशी होती, हा प्रश्न कामगार-इतिहासाच्या गाभ्याचा आहे. त्याचे उत्तर शोधताना कागदपत्रांइतकेच छायाचित्रही उपयोगी पडू शकते.

१३/
आता एक शक्यता कल्पावी. कोणी आपल्या आजोबांचे खाणीतले छायाचित्र स्कॅन करतो. चित्र सपाट, राखाडी आहे. ते ‘जिवंत’ व्हावे म्हणून तो टोपीवरच्या दिव्यातून एक झगझगीत झोत काढतो, मागे धूसर किरण सोडतो, कडा काळवंडतो. चित्र सर्वांना आवडते, शेकडो ठिकाणी जाते. पन्नास वर्षांनी त्या खाणीतल्या हवेचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाच्या हाती हीच प्रत लागते. तिच्यात दिसणारी धूळ आजोबांच्या छातीत गेलेली होती, की नातवाच्या मोबाइलमध्ये तयार झाली? चित्र आता सांगू शकत नाही. खरी धूळ असलेल्या दहा चित्रांवरचा विश्वासही त्या एका चित्राने कमी होतो, कारण शंका घेणाऱ्याला आयते कारण मिळते.

१४/
आणखी एक नुकसान अधिक गुपचूप होते. नाट्यमय प्रकाशयोजना नेहमी एक नायक निवडते. उजेड एका चेहऱ्यावर एकवटतो आणि बाकीचे अंधारात जातात. मध्य प्रांतातील उघड्या मँगनीज खाणींत खनिज वेचण्याचे, निवडण्याचे आणि डोक्यावरून वाहण्याचे काम मोठ्या संख्येने स्त्रिया करीत. जुन्या चित्रांत त्या बहुधा कडेला, मागे, टोपलीआड असतात. कडा काळवंडणाऱ्या फिल्टरचा पहिला बळी त्याच ठरतात. जिचे नाव नोंदवहीत सापडणे कठीण, तिचा चेहराही सजावटीच्या काळोखात जातो.

१५/
आता पुन्हा आंबागडाकडे. हा किल्ला सुमारे १७०० च्या आसपास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या कारकिर्दीत राजखान पठाण याने बांधला, अशी गॅझेटियरमधली नोंद आहे. ज्याने नागपूर वसवले, तोच हा बख्त बुलंद. पुढे किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे आला. म्हणजे गोंड, पठाण आणि मराठे या तिघांच्या हातांचे ठसे या एका लहान किल्ल्यावर आहेत. भोवती सह्याद्रीचा उभा काळा कडा नाही. सातपुड्याच्या बाजूच्या जंगलाने वेढलेली टेकडी आहे. हे वेगळेपण हीच त्याची ओळख.

१६/
तयार साच्यातला उजेड नेमके हेच वेगळेपण खातो. केशरी आकाश, ढगांतून उतरणारे किरण आणि कडांचा काळोख चढवला, की आंबागड, राजगड आणि हरिश्चंद्रगड यांचे आकाश एकसारखे होते. आकाश एक झाले की गोष्टही एकच ऐकू येते. रायगडाच्या चित्रासोबत सहज शोभेल असा मजकूर मग आंबागडाखालीही चिकटतो आणि गोंड राजवट त्यातून गळून पडते. विदर्भाच्या पूर्व टोकाचा इतिहास आधीच महाराष्ट्राच्या सार्वजनिक स्मृतीत कमी जागा व्यापतो. त्याला उरलेली थोडी जागा तरी स्वतःच्या उजेडात मिळायला हवी.

१७/
याच किल्ल्यातल्या विहिरीविषयी गॅझेटियर एक भीषण गोष्ट नोंदवते. भोसलेकाळात किल्ल्याचा उपयोग तुरुंगासारखा होत असे आणि कैद्यांना आतल्या विहिरीचे विषारी पाणी प्यायला लावून मारले जाई, असे सांगितले जाते. ‘सांगितले जाते’ हे शब्द येथे निर्णायक आहेत. वसाहतकालीन अधिकाऱ्याने ऐकीव म्हणून टिपलेली ही हकीकत आहे. विहिरीच्या छायाचित्राला हिरवट काळोख दिला, तळाशी एक भेसूर चमक ठेवली, की ते दोन शब्द वाचकाच्या मनातून पुसले जातात. ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटू लागते. पुरावा न देता खात्री निर्माण करण्याचे काम येथे प्रकाशाने केलेले असते.

१८/
साधा उजेड काय सांगू शकतो, याचे उत्तम उदाहरण एका मराठी छायाचित्रकाराने ठेवले आहे. १९१९ मधील हत्याकांडानंतर नारायण विनायक विरकर यांनी जालियनवाला बागेची छायाचित्रे घेतली. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांभोवती खडूने वर्तुळे केलेली आहेत आणि माणसे त्या खुणांकडे निर्देश करीत आहेत. त्या चित्रात प्रकाशाचे कोणतेही नाट्य नाही. भिंत, वर्तुळे, बोटे, बस. शंभर वर्षांनंतरही पाहणारा खुणा मोजू शकतो. त्याच भिंतीवर मावळतीचा लाल झोत आणि खोल सावल्या चढवल्या असत्या, तर खूण कोणती आणि सावली कोणती, हाच वाद उरला असता.

१९/
तुमसरला हे उदाहरण दूरचे वाटू नये. ऑगस्ट १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात या गावातही गोळीबार झाला आणि माणसे हुतात्मा झाली. अशा गावांत त्या काळाची दृश्य साधने मुळातच मोजकी असतात : एखादे स्टुडिओतले चित्र, एखादा समूहफोटो, एखाद्या घरातली पिवळी पडलेली प्रत. दरवर्षी ऑगस्टमध्ये अशा चित्रांना नवे तेज देण्याची चढाओढ लागते. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर ते तेज शोभते, आणि त्यात गैर काही नाही. पण मूळ प्रत कुठेतरी कपाटात कुजत राहिली आणि तेजोमय प्रतच पुढच्या पिढीला मिळाली, तर हुतात्म्याचा चेहरा आणि सॉफ्टवेअरचा अंदाज यांतली सीमा कायमची हरवेल.

२०/
उजेड बदलल्याने अर्थ बदलतो, हे वृत्तपत्रसृष्टीने कटू अनुभवाने शिकले. २७ जून १९९४ च्या अंकासाठी अमेरिकेतील ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी ओ. जे. सिम्पसन याचे पोलिसांनी काढलेले एकच छायाचित्र मुखपृष्ठावर घेतले. ‘न्यूजवीक’ने ते जसेच्या तसे छापले; ‘टाइम’ने ते गडद केले. खटला अजून उभाही राहिला नव्हता, पण त्या काळोखाने कृष्णवर्णीय आरोपीला आधीच गुन्हेगार ठरवले, अशी तीव्र टीका झाली. चित्रात एकही वस्तू वाढवली नव्हती किंवा काढली नव्हती. बदलला होता तो मुख्यतः उजेड.

२१/
सीमारेषा कोठे ओढायची, हा प्रश्न सोपा नाही, हेही मान्य केले पाहिजे. गाझातील एका अंत्ययात्रेचे पॉल हॅन्सन यांचे छायाचित्र २०१३ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचे सर्वोच्च चित्र ठरले. गल्लीतल्या माणसांच्या चेहऱ्यांवरचा उजेड चित्रपटासारखा वाटतो म्हणून त्यावर बनावटीचा आरोप झाला. तज्ज्ञांनी मूळ फाईल तपासली आणि चित्र खरे असल्याचा निर्वाळा दिला. छटा फेरफार करून उजळ-गडद केल्या होत्या, पण नवे काही घातले नव्हते. हॅन्सन यांना वाचवले ते त्यांनी जपून ठेवलेल्या मूळ फाईलने. २०१५ मध्ये मात्र याच स्पर्धेच्या उपान्त्य फेरीतील सुमारे एक पंचमांश चित्रे अवाजवी फेरफारामुळे बाद झाली.

२२/
यावर एक आक्षेप हमखास येतो. साध्या चित्राकडे कोणी पाहत नाही. किरण घातले तर निदान हजार लोक आंबागडाचे नाव तरी ऐकतील. आक्षेप पोकळ नाही. उपेक्षित वास्तूला लक्ष वेधून घ्यावे लागते, हे खरेच. परंतु त्या हजार लोकांच्या मनात जी वास्तू उभी राहते, ती आंबागड नसते. ते प्रत्यक्ष गेले तर त्यांना टेकडी लहान, भिंत फिकट आणि आकाश साधे वाटते. खरा किल्लाच त्यांना नकली चित्रापुढे फिका पडलेला दिसतो. शिवाय नाट्यमय उजेड हवा असेल, तर तो मिळवण्याचा जुना मार्ग खुला आहे : पहाटे उठणे आणि वाट पाहणे. हिवाळ्यातल्या धुक्यात टेकडीवर उतरणारी खरी तिरीप त्या दिवसाची, त्या हवेची नोंदही बरोबर आणते.

२३/
प्रत्यक्ष जागी उजेड वापरणे हे तर अभ्यासाचे साधनच आहे. झिजलेला शिलालेख किंवा वीरगळ समोरच्या उन्हात वाचता येत नाही. विजेरीचा झोत अगदी कडेने, दगडाला घासून जाईल असा धरला, की बुजलेली अक्षरे सावलीने उठून दिसतात. हा उजेडही नाट्यमयच असतो, पण तो दगडावर खरोखर पडलेला असतो आणि दगडात जे आहे तेच दाखवतो. योगायोग असा की साध्या विजेरीच्या कोरड्या सेलमध्ये मँगनीज डायऑक्साइड लागतो, आणि डोंगरी बुजुर्गचे खनिज त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

२४/
चमक देण्याच्या मोहाची किंमत महाराष्ट्राने अजिंठ्यात मोजली आहे. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी तेथील चित्रांच्या प्रती केल्या. चित्रे अधिक स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश लावले गेले. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी संरक्षणासाठी लाखेचा थर दिला. त्या वेळी चित्रे उजळली. कालांतराने हे थर पिवळे-तपकिरी पडले आणि त्यांनीच रंग झाकले. पुरातत्त्व खात्याला पुढे ते थर काढण्याचे किचकट काम करावे लागले. सर्वांचा हेतू चांगला होता. चूक एवढीच की परिणाम थेट मूळ चित्रावर चढवला गेला.

२५/
संगणकाने दिलेली मोठी सवलत हीच की येथे मूळ चित्राला हात लावावा लागत नाही. म्हणून इतिहासविषयक पाने चालवणाऱ्यांनी पुढील पथ्ये पाळणे अवघड नाही.
• मूळ फाईल किंवा मूळ स्कॅन वेगळा ठेवावा. त्यावर कधीही बदल साठवू नये.
• ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठवल्यास चित्र आकुंचित होते आणि त्यातली तारीख-वेळेची नोंद निघून जाते.
• चित्राखाली दिनांक, वेळ आणि कॅमेऱ्याची दिशा लिहावी.
• उजळ-गडद करणे चालेल. जेथे नव्हता तेथे नवा प्रकाशस्रोत, किरण किंवा आकाश घालू नये.
• घातलेच, तर ‘प्रकाश-परिणाम मागाहून दिला आहे’ हे चित्रावरच लिहावे, शेवटच्या प्रतिसादात नव्हे.

२६/
या पथ्यांनी कोणाचीही कला थांबत नाही. करिझ्मा अल्बममध्ये सूर्य हवा तेथे उगवू दे, फ्लेक्सवर किरण हवे तितके पसरू देत. मागणी फक्त दाखल्यांपुरती आहे. तुमसरच्या खाणी, राइस मिल, १९४२ चे हुतात्मे आणि आंबागड यांच्याविषयी पुढे जे लिहिले जाईल, त्याची बरीच साधने आज घराघरांतल्या मोबाइलमध्ये आणि जुन्या ट्रंकांत आहेत. यंदाच्या ऑगस्टमध्ये एखादे जुने चित्र उजळण्याआधी ते एकदा जसेच्या तसे, पाठीमागच्या अक्षरांसकट स्कॅन करून ठेवावे. उजळलेली प्रत त्यानंतर करावी, आणि तिच्याखाली तसे लिहावे.